बंपर कोणी उचकटला?

लंडनमध्ये राहणाऱ्या इयन टेबर यांच्या टोयोटा रॅव्ह-फोर गाडीचा पुढचा बंपर एप्रिल २०२२ मध्ये कोणीतरी उचकटला. चाकावरच्या कमानीची प्लॅस्टिकची पट्टी ओढून काढलेली, हेडलाइटचा प्लग उपसलेला. हेडलाइट महाग असतो, चोरला असता तर एक वेळ समजलं असतं. पण तो जागेवरच होता. रिकामटेकड्यांचा उद्योग, असं टेबर यांना वाटलं. ट्विटरवर फोटो टाकून त्यांनी आपला वैताग मोकळा केला.

जुलैमध्ये पुन्हा तेच. पुन्हा बंपर बाजूला, पुन्हा प्लग बाहेर. त्यानंतर थोड्याच दिवसांत गाडीच गेली. आणि पुढे शेजाऱ्याची टोयोटा लँड क्रूझरसुद्धा.

लंडनमध्ये गाडी चोरीला जाणं ही काही बातमी नव्हे. पोलिसांत नोंद करायची, विमा कंपनीला कळवायचं आणि दुसरी गाडी बघायला लागायचं, हा तिथलाही रिवाज. हे प्रकरण जगभर गाजलं ते मालकामुळे. टेबर यांचा पेशाच मोटारींच्या सायबर सुरक्षेचा. गाडीतल्या कॉम्प्युटरांमध्ये कुठून शिरता येतं हे शोधून काढण्याचे पैसे त्यांना मिळतात. चोरांना अर्थातच हे ठाऊक नसावं.

आता सुगावा कुठून काढायचा? गाडी तर नाही. पण गाडीचं ॲप फोनमध्ये होतं.

हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत कारखान्यातच एक सिमकार्ड बसवलेलं असतं. दार उघडं राहिलं, अलार्म वाजला, बॅटरी उतरली की मालकाच्या फोनवर निरोप येतो. टोयोटाच्या या ॲपचं नाव तेव्हा ‘मायटी’ होतं. निरोप पाठवण्याखेरीज ही यंत्रणा आणखी एक रूक्ष काम करत असते, ज्याकडे सहसा कोणी ढुंकूनही पाहत नाही. गाडीतल्या प्रत्येक कंट्रोल युनिटला काही बिनसलं असं वाटलं की ते एक एरर कोड नोंदवून ठेवतं. सर्व्हिसिंगला गाडी नेल्यावर मेकॅनिक स्कॅनर लावून वाचतो, तेच हे कोड. टोयोटाची यंत्रणा ते कंपनीच्या सर्व्हरकडेही पाठवते. गाडी हातची गेली होती, पण जाण्यापूर्वी तिने केलेल्या तक्रारींची यादी शिल्लक होती.

टेबर ती यादी घेऊन बसले.

हेडलाइटच्या कंट्रोल युनिटशी संपर्क तुटल्याची नोंद होती. ते ठीक. प्लगच उपसला म्हटल्यावर संपर्क तुटणारच. पण त्याच सुमाराला पुढच्या कॅमेऱ्याची तक्रार होती. हायब्रिड इंजिनाच्या नियंत्रणाची होती. आणखीही बऱ्याच होत्या. हेडलाइट, कॅमेरा आणि इंजिन यांचा एकमेकांशी काय संबंध? एवढी सगळी युनिटं एका रात्रीत एकदम बिघडतात, हे मोटारींशी रोजचा संबंध असलेल्या कोणालाही पटणार नाही. म्हणजे ती बिघडली नव्हतीच. त्यांना एकमेकांचं ऐकू येईनासं झालं होतं. या सगळ्यांना जोडणारी गोष्ट एकच होती: त्यांच्यामधून जाणारी दोन पिळदार वायरींची जोडी. तिला कॅन बस म्हणतात.

बंपर उचकटणाऱ्याला हेडलाइट नकोच होता. त्याला हेडलाइटच्या मागची वायर हवी होती.

ही शंका किती मोठी होती ते समजायला थोडं मागे जावं लागतं. पुश-बटणाच्या गाड्या आल्या तेव्हा किल्ली खिशातच ठेवायची सोय झाली. गाडी रेडिओ लहरींवर हाक देते, खिशातली किल्ली सांकेतिक उत्तर देते, दार उघडतं. चोरांनी यावर तोड काढली. एक जण गाडीपाशी, दुसरा घराच्या दाराशी, दोघांच्या हातात लहरी वाढवून पुढे पाठवणारी यंत्रं. घरात खुंटीवर अडकवलेली किल्ली बाहेर उभ्या गाडीला उत्तर द्यायची. या प्रकाराला रिले हल्ला म्हणतात. मग लोक किल्ली पत्र्याच्या डब्यात ठेवायला लागले. कंपन्यांनीही अशा किल्ल्या काढल्या की ज्या थोडा वेळ हलल्या नाहीत तर झोपी जातात. चोरांचा तो धंदा अवघड होत चालला. रक्षणाचा सगळा भर किल्ली आणि गाडी यांच्यातल्या संभाषणावर होता, आणि तिथे कुलूप खरोखरच पक्कं झालं होतं.

पण किल्ली खरी ठरल्यावर पुढे काय होतं? किल्ली ओळखणारं युनिट कॅन बसवर एक संदेश टाकतं: किल्ली बरोबर आहे. तो ऐकून इंजिन अडवून ठेवणारा इमोबिलायझर मोकळा होतो. या शेवटच्या टप्प्यावर कुलूप नव्हतं.

नसण्याचं कारण कॅन बसच्या जन्मात आहे. बॉश कंपनीने ही पद्धत १९८६ मध्ये डेट्रॉइटच्या अभियंत्यांच्या परिषदेत मांडली. गाडीत इलेक्ट्रॉनिक उपकरणं वाढत होती आणि प्रत्येकाला प्रत्येकाशी स्वतंत्र वायरीने जोडायचं तर वायरिंगचं जंगल होत होतं. बॉशने सांगितलं की सगळ्यांना एकाच जोडीवर बसवा. ज्याला बोलायचं त्याने बोलावं, ज्याच्या कामाचं असेल त्याने ऐकावं. चाळीच्या गॅलरीतून कोणी ‘पाणी आलं!’ म्हणून ओरडलं की सगळे बादल्या घेऊन धावतात, कोण ओरडलं हे विचारत बसत नाहीत, तसाच हा कारभार. कॅन बसवरच्या संदेशाला विषय असतो, बोलणाऱ्याचं नाव नसतं. गाडीच्या पत्र्याच्या आत बसलेला तो आपलाच माणूस, हे गृहीत धरलेलं. त्या काळी ते चूकही नव्हतं. गाडी इंटरनेटला जोडलेली नव्हती आणि बॉनेटच्या आत हात घालणारा एक तर मालक असायचा किंवा मेकॅनिक.

दरम्यान हेडलाइट हुशार झाले. रस्त्याच्या वळणाबरोबर वळायचं, समोरून गाडी आली की झोत खाली घ्यायचा, दिवा गेला की कळवायचं. त्यासाठी त्यांना कॅन बसशी जोडणं आलं. गाडीच्या अगदी पुढच्या टोकाला, दार न उघडता हाताला लागेल अशा जागी, थेट आतल्या वायरीचा प्लग आला. हे कोणी ठरवून केलं नाही. एका खात्याने हेडलाइट सुधारला, दुसऱ्याने किल्ली सुधारली, आणि दोन्हींच्या मधली वायर कोणाच्याच टेबलावर नव्हती. मला तर या सगळ्या प्रकरणातला हाच भाग सर्वांत बोलका वाटतो.

टेबर यांच्याकडे आता तर्क होता, पुरावा नव्हता. तो शोधायला ते इंटरनेटच्या अंधाऱ्या गल्ल्यांत शिरले. गाड्या उघडून सुरू करून देणाऱ्या यंत्रांचा तिथे बाजारच भरलेला. शंभराच्या वर वस्तू त्यांना सापडल्या. जाहिरातीत कुठेही चोरी हा शब्द नाही. ‘इमर्जन्सी स्टार्ट’ असं सोज्वळ नाव. किल्ली हरवलेल्या मालकांसाठी किंवा कुलूप-किल्लीवाल्या कारागिरांसाठी म्हणे. किंमत पाच हजार युरोपर्यंत. नामांकित कंपन्यांच्या गाड्यांची यादी सोबत, आणि त्यात टोयोटा. टेबर यांनी खिशात हात घातला आणि टोयोटासाठीचं एक यंत्र विकत घेतलं.

आला तो जेबीएल कंपनीचा ब्लूटूथ स्पीकर. निदान दिसायला तरी. पोलिसांनी हटकलं तर खिशातून गाणी वाजवायचा डबा निघावा, एवढाच त्यामागचा विचार. याच धंद्यातली काही यंत्रं जुन्या नोकिया ३३१० फोनच्या कवचात दडवलेली असतात, हेही पुढे पत्रकारांनी उघडकीला आणलं. जो फोन कितीही आपटला तरी फुटत नाही अशी आपल्याकडे ख्याती होती, त्याला हे दिवस आले.

स्पीकर उघडायच्या कामी टेबर यांनी केन टिंडेल यांना सोबत घेतलं. टिंडेल हे कॅनिस ऑटोमोटिव्ह लॅब्ज या कंपनीचे तंत्रप्रमुख आणि कॅन बसवर वर्षानुवर्षं काम केलेला माणूस. आत स्पीकरचा मूळ सर्किट बोर्ड तसाच होता. त्यावर रेझिनचा एक मोठा गोळा थापलेला. आत काय आहे ते कोणाला दिसू नये म्हणून. तो गोळा तापवून काढल्यावर खाली सापडलं ते पाहून दोघांना हसावं की रडावं कळलं नसेल. एक साधा मायक्रोकंट्रोलर, कॅन बसशी बोलणारी एक चिप, आणि तिला जोडलेलं थोडं जादा सर्किट. सगळ्या मालाची किंमत सुमारे दहा डॉलर. वीज स्पीकरच्याच बॅटरीतून.

काम असं चालायचं. चोर हेडलाइटच्या वायरींना यंत्र जोडतो. गाडी झोपलेली असते, तिची कॅन बस जागी होते. ओळखीचा संदेश दिसताच यंत्र सेकंदाला सुमारे वीस वेळा एकच धोशा लावतं: किल्ली बरोबर आहे, किल्ली बरोबर आहे. पण बसवर इतरही युनिटं बोलत असतात, आणि खोटा संदेश कोणाला खटकला तर तो रद्द करायची सोय कॅन पद्धतीत आहे. ते जादा सर्किट त्यासाठीच होतं. कॅन बसवर दोघं एकदम बोलले तर शून्य हा एकावर मात करतो, असा नियम आहे. या सर्किटमुळे चोराचं यंत्र इतकं जोर लावून बोलतं की बाकीच्यांचा आवाज दबून जातो. कॅमेरा, इंजिन, दिवे यांनी एकाच वेळी संपर्क तुटल्याची बोंब का मारली, याचं उत्तर इथे मिळालं. फोनमधल्या त्या यादीतली एकेक ओळ स्पीकरच्या आतल्या सर्किटशी जुळली.

पुढचा टप्पा गेटवे नावाच्या युनिटचा. गाडीत एकाहून अधिक कॅन बस असतात आणि गेटवे एकीवरचे संदेश दुसरीवर पोचवतो. हेडलाइटच्या बसवर आलेला खोटा संदेश त्याने इमानेइतबारे इंजिनाच्या बसवर नेऊन दिला. इमोबिलायझर मोकळा. मग चोराने स्पीकरवरचं ‘प्ले’चं बटण दाबायचं. एरवी ज्याने गाणं सुरू होतं त्या बटणाने यंत्राचा संदेश बदलतो आणि दारांना हुकूम जातो: उघडा. आत बसून पुश-बटण दाबलं की गाडी रस्त्याला. पहिल्या खेपेचा तो उचकटलेला बंपर म्हणजे खोडसाळपणा नव्हता. चोर वायरींपर्यंत हात पोचवत होते.

टिंडेल यांनी ही सगळी हकिकत एप्रिल २०२३ मध्ये प्रसिद्ध केली आणि या प्रकाराला ‘कॅन इंजेक्शन’ असं नाव दिलं. जगभरच्या संगणकीय त्रुटींच्या नोंदवहीत २०२१ च्या रॅव्ह-फोर गाडीची ही त्रुटी सीव्हीई-२०२३-२९३८९ या क्रमांकाने दाखल आहे. टेबर यांनी टोयोटाशी संपर्क साधायचा प्रयत्न केला, पण फारसं काही हाती लागलं नाही, असंही टिंडेल यांनी लिहून ठेवलं आहे. अडचण समजण्यासारखी आहे. संशोधकाने आधी दोष शोधायचा, कंपनीला गुपचूप कळवायचा, दुरुस्तीला वेळ द्यायचा, हा शिरस्ता. इथे दोष चोरांनी आधी शोधला होता आणि त्याचं दुकानही थाटलं होतं.

उपाय टिंडेल यांनी दोन सांगितले. तात्पुरता असा की गेटवेने थोडं संशयी व्हावं. बसवर गोंधळ माजलेला दिसत असताना आलेला किल्लीचा संदेश पुढे पाठवू नये. चोरांनी पद्धत बदलली की हा उपाय फसेल, हे ते स्वतःच सांगतात. पक्का उपाय म्हणजे गाडीच्या आतल्या संदेशांवरही सांकेतिक शिक्का हवा, म्हणजे बोलणारा खरा की तोतया हे ऐकणाऱ्याला तपासता येईल. त्यासाठी कारखान्यात प्रत्येक युनिटला गुप्त संकेत देणं आलं, आणि गॅरेजमध्ये सुटा भाग बदलला की नव्याला तो शिकवणंही आलं. खर्चाचं आणि कटकटीचं काम.

मग साध्या मालकाने काय करावं? बाजारातून चांगला अलार्म आणून बसवावा, चोर आला की फोन वाजेल, असंच कोणीही म्हणेल. या सल्ल्याचं काय होतं ते ब्रिटनमध्येच मार्च २०१९ मध्ये दिसलं होतं. पेन टेस्ट पार्टनर्स या सुरक्षा कंपनीने वायपर आणि पँडोरा हे दोन नावाजलेले स्मार्ट अलार्म विकत घेऊन तपासले. पँडोराच्या संकेतस्थळावर तर आपली यंत्रणा हॅक होऊच शकत नाही असा दावा झळकत होता. असा दावा म्हणजे या लोकांना घरी येण्याचं आमंत्रणच.

त्यांना वायरीला हातही लावावा लागला नाही. ॲप ज्या सर्व्हरशी बोलतं तिथेच भगदाड होतं. खात्याचा ई-मेल पत्ता बदलायची विनंती आली तर ती त्याच खात्याच्या मालकाकडून आली आहे का, हे सर्व्हर तपासतच नव्हता. दुसऱ्याच्या खात्यावर आपला पत्ता टाकायचा, पासवर्ड विसरलो म्हणायचं, नवा पासवर्ड आपल्या पत्त्यावर येतो. खरा मालक बाहेर, आपण आत. त्यानंतर गाडी कुठे आहे ते नकाशावर दिसतं. रस्त्यावरून चाललेल्या गाडीचा अलार्म वाजवता येतो, म्हणजे चालक गोंधळून बाजूला थांबतो. मग त्याची गाडी बंद करायची, दारं उघडायची. वायपरमध्ये चालत्या गाडीचं इंजिन बंद पाडणंही शक्य होतं. पँडोरामध्ये संकटकाळी मदत मागण्यासाठी मायक्रोफोन होता; त्यातून गाडीतलं बोलणं ऐकता येत होतं. असे अलार्म बसवलेल्या गाड्यांची संख्या त्यांनी सुमारे तीस लाख सांगितली. एरवी कंपन्यांना दुरुस्तीसाठी तीन महिने देतात. इथे धोका इतका उघडा होता की सात दिवसच दिले. दोन्ही कंपन्यांनी तेवढ्यात भगदाड बुजवलं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

म्हणजे टेबर यांची गाडी गेली ती वायरीतून, आणि या अलार्मवाल्यांच्या गाड्या जाऊ शकल्या असत्या त्या सर्व्हरमधून. दोन्हीकडे किल्ली सहीसलामत. दोन्हीकडे घोळ एकच: आत आलेल्याला कोणी नाव विचारलं नाही.

युरोपात आता कायदा जागा झाला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर ठरलेला १५५ क्रमांकाचा नियम जुलै २०२४ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या मोटारींना लागू आहे. सायबर धोके ओळखून त्यांचा बंदोबस्त केल्याचं कंपनीला दाखवावं लागतं. आपल्याकडे त्याच धर्तीवर एआयएस-१८९ हे मानक तयार झालं आहे.

आपल्याकडच्या रस्त्यावरही हा विषय आता परका नाही. सिमकार्ड बसवलेल्या कनेक्टेड गाड्या २०१९ पासून सर्रास विकल्या जाऊ लागल्या. त्याच वर्षीपासून नव्या टॅक्सी आणि बसगाड्यांना ठावठिकाणा सांगणारं यंत्र सक्तीचं झालं. आणि जुन्या गाडीला गल्लीतल्या ॲक्सेसरीजच्या दुकानातून जीपीएस बसवून घेणारे तर कितीतरी आहेत. दुकानदार डॅशबोर्डखाली डबी चिकटवतो, इंजिन बंद पाडणारा रिले वायरिंगमध्ये घालतो, ॲप उतरवून देतो आणि पासवर्डही स्वतःच टाकून देतो. मालक खूश होऊन घरी जातो. गाडी बंद पाडायचं बटण आता दोघांकडे आहे, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

तेव्हा ज्यांच्या गाडीत अशी यंत्रणा आहे त्यांना एवढंच सांगणं. दुकानदाराने दिलेला पासवर्ड आजच्या आज बदला आणि ते खातं, ते सिम तुमच्याच नावावर आहे याची खात्री करा. ॲपवर एरर कोडचा विचित्र पुंजका दिसला किंवा बंपर, हेडलाइट कोणी हलवलेला दिसला तर स्क्रीनशॉट आणि फोटो काढून ठेवा, पोलिसांकडे नोंद करा, आणि त्या रात्री गाडी दुसरीकडे लावा. जुनी गाडी विकत घेताना आधीच्या मालकाचं नाव ॲपमधूनही काढून घ्या, नुसतं आरसी बुकातून नव्हे. आयबीएमच्या सुरक्षा विभागाच्या चार्ल्स हेंडरसन यांनी २०१७ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं, की त्यांनी गाडी कधीच विकून टाकली होती आणि तरीही ती त्यांच्या फोनवर दिसत होती.